लस, मास्क, चाचणी आणि नोकरी: साथीच्या नियमांवरून कामावरून काढलं तर काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं मुख्यतः महाराष्ट्रातल्या खासगी क्षेत्रातल्या कामगार-कर्मचाऱ्यांसाठी आहेत. करोनाकाळात औद्योगिक विवाद कायदा, १९४७ लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता, २०२० आली आहे. त्यामुळे तुमच्यावर कारवाई कोणत्या तारखेला झाली ते आधी पाहा. कोणता कायदा आणि कोणती मुदत लागू होईल हे त्या तारखेवर ठरतं.

लस घेतली नाही एवढ्याच कारणावरून कंपनी मला काढू शकते का?

आरोपपत्र नाही, चौकशी नाही, नुसतं एक पत्र हातात देऊन काढता येत नाही. पण लस नाकारणाऱ्याला कधीच काढता येत नाही, असंही कोणत्या न्यायालयाने म्हटलेलं नाही. न्यायाधीश तीन गोष्टी पाहतात. त्या तारखेला तशी अट घालणारा वैध सरकारी आदेश किंवा कंपनीचा लेखी नियम होता का? तुमचं काम कसं होतं, म्हणजे अतिदक्षता विभागात रुग्णांजवळ की घरून संगणकावर? आणि काढण्याआधी तुमचं म्हणणं ऐकलं का, बदली, चाचणी, घरून काम असे मधले मार्ग तपासले का? बहुतेक मालकांची बाजू लंगडी पडते ती तिसऱ्या प्रश्नावर.

सर्वोच्च न्यायालयाने ‘लसीची सक्ती बेकायदा’ ठरवली ना?

या निकालाचा अर्धाच भाग व्हॉट्सॲपवर फिरला. जेकब पुलियेल विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २ मे २०२२ रोजी न्या. नागेश्वर राव आणि न्या. गवई यांच्या खंडपीठाने सांगितलं की स्वतःच्या शरीराबाबत निर्णय घेण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये येतो आणि कोणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही. त्याच निकालात पुढे हेही आहे की सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार व्यक्तीच्या हक्कांवर मर्यादा घालू शकतं. मात्र त्या मर्यादेला कायद्याचा आधार हवा, तिची खरी गरज हवी आणि ती गरजेच्या प्रमाणात हवी.

लस न घेतलेल्यांमुळे घेतलेल्यांपेक्षा जास्त संसर्ग पसरतो, हे दाखवणारी माहिती राज्यांनी न्यायालयापुढे ठेवली नाही. म्हणून तेव्हाचे निर्बंध प्रमाणाबाहेरचे ठरले. रुग्णसंख्या कमी असेपर्यंत असे निर्बंध घालू नयेत, घातले असतील तर त्यांचा फेरविचार करावा, अशी सूचना न्यायालयाने केली. ही सूचना खासगी संस्थांनाही उद्देशून होती, हे कर्मचाऱ्याच्या बाजूने फार मोलाचं आहे. पण ती त्या वेळच्या परिस्थितीपुरतीच आहे, हेही न्यायालयाने स्पष्ट लिहिलं. उद्या वेगळी साथ आली, वेगळी लस आली, तर हाच निकाल जसाच्या तसा लागू होईल असं धरून चालू नका.

उच्च न्यायालयांचे २०२१ चे निकालही उपयोगी पडतात. मेघालय उच्च न्यायालयाने जूनमध्ये उपजीविकेचा हक्क लसीला बांधायला नकार दिला. अरुणाचलात लस न घेतलेल्यांना कामासाठी परवाने नाकारणारी अट गुवाहाटी उच्च न्यायालयाने जुलैमध्ये रोखली. जानेवारी २०२२ मध्ये खुद्द केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं की संमतीशिवाय कोणालाही लस द्यावी असं आमचे निर्देश सांगत नाहीत. दुसरीकडे, हवाई दलातल्या ज्या जवानाला लस नाकारल्यावरून कारणे दाखवा नोटीस आली, त्याच्या प्रकरणात गुजरात उच्च न्यायालयाने हवाई दलाला नव्याने विचार करायला सांगितलं. शिस्तीच्या सेवांचं गणित वेगळं असतं.

महाराष्ट्रात नेमके कोणते आदेश होते?

मुंबईच्या लोकलमध्ये १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस आणि त्यावर १४ दिवस झालेल्यांनाच प्रवेश मिळू लागला. डोंबिवली किंवा विरारहून येणाऱ्याला कंपनीने काढलं नाही तरी कामावर पोहोचताच येईना, अशी गत झाली. २७ नोव्हेंबर २०२१ च्या आदेशाने दुकानं, आस्थापना आणि सार्वजनिक वाहतूक पूर्ण लसवंतांपुरती केली. नियम मोडणाऱ्या व्यक्तीला ५०० रुपये, आस्थापनेला १०,००० आणि काही बाबतीत ५०,००० रुपये दंड होता. त्याच महिन्यात ठाणे महापालिकेने पहिला डोसही न घेतलेल्या कर्मचाऱ्यांचा पगार रोखण्याचं जाहीर केलं होतं.

लोकलबंदीचे मूळ आदेश कायद्यातली कार्यपद्धती पाळून काढलेले नाहीत, यावर मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये बोट ठेवलं आणि सरकारला ते मागे घ्यावे लागले. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याला, राज्यातले सगळे निर्बंध उठले. त्यानंतरही ‘सरकारी आदेश आहे’ म्हणून कोणाला बाहेर ठेवलं असेल, तर त्या कारणात दम नाही.

मास्क, तापमान तपासणी, चाचणी: हेही नाकारता येतं का?

नाही, निदान तितक्या सहज नाही. पुलियेल निकालातल्या सूचना मास्क आणि अंतर अशा नियमांना लागू होत नाहीत, हे त्या निकालातच म्हटलं आहे. मास्क लावायला सांगणं ही वाजवी आणि कायदेशीर आज्ञा आहे. ती मुद्दाम, पुन्हा पुन्हा मोडली तर बहुतेक स्थायी आदेशांनुसार, म्हणजे आस्थापनेच्या सेवाशर्तींच्या लेखी नियमांनुसार, ते गैरवर्तन ठरतं. स्वतःची आणि सहकाऱ्यांची काळजी घेणं हे कामगाराचं कायदेशीर कर्तव्यही आहे. तरीही एकदा मास्क खाली घेतल्यावरून थेट बडतर्फी ही प्रमाणाबाहेरची शिक्षा होते.

खर्च मात्र मालकाचा. कामाच्या जागी सुरक्षितता आणि आरोग्य राखण्यासाठी जे करावं लागतं त्याचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत. चाचणीची अट घालून ती स्वखर्चाने दर आठवड्याला करून आणायला लावणं आणि न आणल्यास बिनपगारी ठेवणं, याला लेखी हरकत घ्या आणि पावत्या जपून ठेवा.

आरोग्य सेतू ॲपबद्दलही विचारणा होते. १ मे २०२० च्या केंद्रीय सूचनांनी ते कर्मचाऱ्यांना सक्तीचं केलं होतं. १७ मेच्या सूचनांनी ती सक्ती सैल करून मालकाने शक्य तितका प्रयत्न करावा, एवढंच ठेवलं. ॲप नव्हतं म्हणून त्यानंतर केलेली कारवाई टिकणं अवघड.

मला ॲलर्जी आहे, डॉक्टरांनी लस नको म्हटलं आहे. चालेल?

चालायला हवं. २७ नोव्हेंबर २०२१ च्या आदेशातही, वैद्यकीय कारणाने लस घेता न येणाऱ्याकडे मान्यताप्राप्त डॉक्टरांचं प्रमाणपत्र असेल तर त्याला लसवंतांच्या बरोबरीने धरलं होतं. प्रमाणपत्र मोघम नको. ‘रुग्णास लस देऊ नये’ एवढ्या एका ओळीवर एचआर लगेच शंका घेतं. त्यात कोणता त्रास आहे, कोणती लस किंवा घटक चालत नाही, मनाई कायमची की ठरावीक काळापुरती, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि तारीख हे सगळं हवं. तारीख महत्त्वाची, कारण नोटीस आल्यानंतर आणलेल्या कागदाचं वजन कमी होतं.

ही माहिती एचआरपुरतीच राहिली पाहिजे. वैद्यकीय नोंदी हा संवेदनशील वैयक्तिक माहितीचा भाग आहे. विभागाच्या ग्रुपवर ‘लस न घेतलेल्यांची यादी’ टाकली गेली असेल तर स्क्रीनशॉट काढून ठेवा.

गेटवरूनच परत पाठवतात आणि मस्टरवर गैरहजेरी लावतात. काय करू?

साथीच्या प्रकरणांत सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. दोन-तीन आठवडे कामगार गेटवर येतो, वॉचमन परत पाठवतो, तो घरी जातो. महिन्याने पत्र येतं: ‘आपण विनापरवाना सतत गैरहजर आहात, आपण नोकरी सोडून दिल्याचे समजण्यात येत आहे.’ लसीचा त्यात उल्लेखच नसतो.

म्हणून पहिल्याच दिवशी, गेटसमोर उभं राहूनच, कंपनीच्या अधिकृत ईमेलवर एवढं लिहा:

‘आज दिनांक … रोजी सकाळी ७ च्या पाळीसाठी मी गेटवर हजर आहे. लसीचे प्रमाणपत्र नाही या कारणाने मला आत सोडलेले नाही. मी काम करण्यास तयार आहे. आत न सोडण्याचा आदेश मला लेखी द्यावा व आजची हजेरी लावावी.’

तोच मजकूर कागदावर लिहून स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. रोज शक्य नसेल तर आठवड्यातून दोनदा तरी पाठवा. गेटवर नोंदवही असेल तर वेळेसह सही करा. परत येताना बसचं किंवा लोकलचं तिकीट फेकू नका. व्हॉट्सॲपचे संदेश पुरावा म्हणून देता येतात, पण त्यासोबत ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं आणि मूळ फोन हाताशी असावा लागतो. त्यामुळे फोन बदलताना जुना विकू नका. ‘गैरहजेरीचा खोटा किंवा रचलेला आरोप ठेवून काढणे’ ही महाराष्ट्रात कायद्याने नाव घेऊन नमूद केलेली अनुचित प्रथा आहे. ही पत्रं असतील तर ती सिद्ध करणं सोपं जातं.

मी पॉझिटिव्ह होतो, विलगीकरणात होतो, तेव्हाच काढलं.

ईएसआयचे सदस्य असाल तर राज्य कामगार विमा कायद्याचं कलम ७३ पाहा. आजारपणाचा लाभ घेत असलेल्या काळात कामगाराला काढता येत नाही, आणि त्या काळात दिलेली बडतर्फीची किंवा कपातीची नोटीस अवैध ठरते. करोनाकाळातल्या कारवाईला हेच कलम लागू होतं. ईएसआय दवाखान्याचा दाखला आणि लाभ जमा झाल्याची बँकेतली नोंद, हे दोन कागद यात निर्णायक आहेत. ज्यांनी खासगी डॉक्टरांचा दाखला देऊन घरीच दिवस काढले आणि लाभासाठी अर्ज केला नाही, त्यांना या कलमाचा आधार मिळणं कठीण.

कारणे दाखवा नोटीस किंवा आरोपपत्र आलं आहे. पुढे काय होतं?

नोटीस घ्यायला नकार देऊ नका. नाकारलेलं पत्र मिळालं असंच धरलं जातं. ज्या तारखेला हातात पडलं ती तारीख पाकिटावर लिहा. उत्तरासाठी दिलेल्या मुदतीत उत्तर द्या, मुदत कमी असेल तर वाढवून मागा, पण गप्प बसू नका. उत्तरात आधी कागद मागा: लसीचा किंवा चाचणीचा नियम ज्या परिपत्रकात आहे त्याची प्रत, ते कधी आणि कुठे लावलं याचा पुरावा, आणि स्थायी आदेशातलं कोणतं कलम मोडलं ते. ‘कंपनीच्या धोरणाचा भंग’ असा मोघम आरोप कायद्यापुढे तग धरत नाही.

मग खातेनिहाय चौकशी. चौकशी अधिकारी तक्रारदारच असू नये. सोबत सहकारी किंवा युनियनचा प्रतिनिधी मागा. कंपनीच्या साक्षीदाराची उलटतपासणी हा तुमचा हक्क आहे. रोजच्या कामकाजाच्या प्रत्येक पानावर वाचल्यावरच सही करा, आणि तुमचं म्हणणं लिहिलं गेलं नसेल तर सहीशेजारी तसं लिहा. अहवालाची प्रत मिळाली पाहिजे आणि शिक्षेबद्दलही वेगळं म्हणणं मांडायची संधी मिळाली पाहिजे.

चौकशीच्या काळात निलंबित केलं तर पहिले ९० दिवस वेतनाच्या ५० टक्के आणि नंतर, उशीर तुमच्यामुळे झाला नसेल तर, ७५ टक्के निर्वाह भत्ता मिळतो. नव्या संहितेतही हेच प्रमाण आहे. फरक इतकाच की स्थायी आदेशांचं प्रकरण आता ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू आहे.

‘चौकशीच झाली नाही, म्हणजे केस जिंकलीच’ हा समज घातक आहे. चौकशी झाली नसेल किंवा सदोष असेल, तरी मालक न्यायालयासमोर पुरावा देऊन आरोप सिद्ध करू शकतो. त्यामुळे मूळ आरोपाला तुमचं उत्तर तयार हवं.

‘राजीनामा दे, नाहीतर बडतर्फ करू’ असं सांगून सही घेतली. आता?

त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, ईमेल करा: सही कुठे, कोणासमोर, काय सांगून घेतली; राजीनामा स्वेच्छेचा नाही; तो मागे घेत आहे; कामावर यायला तयार आहे. राजीनामा स्वीकारून लागू होण्याआधी मागे घेता येतो, म्हणून तासांनाही किंमत आहे. महिनाभर गप्प राहून, फुल अँड फायनलचे, म्हणजे शेवटच्या हिशेबाचे, पैसे घेऊन ‘पूर्ण समाधान’ असं लिहून दिलं तर जबरदस्ती सिद्ध करणं फार जड जातं. पैशांची गरज असते हे खरं. घ्यावे लागले तर पावतीवर ‘हक्क राखून, निषेधासह स्वीकारले’ असं लिहा.

‘साथीमुळे काम नाही’ म्हणून काढलं, आरोप काहीच नाही.

मग ती कामगार कपात झाली. आधीच्या १२ महिन्यांत २४० दिवस काम भरलं असेल तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांचं सरासरी वेतन देणं बंधनकारक आहे. त्या त्या वर्गात शेवटी आलेला आधी जातो, आणि पुन्हा भरती झाली की काढलेल्यांना आधी बोलवायचं. आता ३०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला सरकारची पूर्वपरवानगी लागते. नव्या संहितेनुसार कपातीत गेलेल्या कामगाराच्या खात्यात आणखी १५ दिवसांचं वेतन पुनर्कौशल्य निधीतून ४५ दिवसांत जमा व्हायला हवं. ते मागायचं बरेच जण विसरतात.

साथ आली म्हणून कामगार कायदे झोपी जात नाहीत. गुजरात सरकारने २०२० मध्ये १२ तासांचा दिवस आणि जादा कामाला साधाच दर अशी सूट कारखान्यांना दिली होती. १ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण महासाथ म्हणजे कारखाने कायद्यातली ‘सार्वजनिक आणीबाणी’ नव्हे.

मी आयटीत आहे. मला ‘कामगार’ म्हणतील?

पदनामावर जाऊ नका. तांत्रिक, कारकुनी किंवा हाताचं काम करणाऱ्याला पगाराची मर्यादा नाही. लाखभर पगाराचा सॉफ्टवेअर अभियंताही, तो प्रत्यक्ष कोड लिहीत असेल, तर कामगार ठरू शकतो. पगाराची मर्यादा फक्त पर्यवेक्षकांना आहे: जुन्या कायद्यात १०,००० रुपये, नव्या संहितेत १८,०००. रजा मंजूर करणं, माणसं नेमणं-काढणं असे खरे अधिकार असतील तर तुम्ही व्यवस्थापनात मोडता. मग दिवाणी न्यायालयात नुकसानभरपाई मागता येते, पण ती बहुधा नोटीसकाळाच्या पगाराएवढीच असते. नोकरी परत मिळवून देण्याचा मार्ग तिथे जवळजवळ नाही.

कंत्राटी कामगार, शिक्षक, सरकारी कर्मचारी, गोवा?

कंत्राटदाराने पगार थकवला तर मूळ मालक, म्हणजे जिथे तुम्ही प्रत्यक्ष काम करता ती कंपनी, जबाबदार असतो, म्हणून प्रत्येक पत्राची प्रत दोघांना पाठवा. खासगी शाळांतल्या शिक्षकांनी १९७७ च्या कायद्याखाली शाळा न्यायाधिकरणात ३० दिवसांत अपील करायचं. ही मुदत फार लहान आहे. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनी आधी विभागीय अपील आणि मग महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. खाली सांगितलेला अनुचित प्रथांचा कायदा गोव्यात लागू नाही, तिथे कामगार आयुक्तांमार्फत सलोख्याचा मार्ग धरा.

दाद कुठे आणि किती दिवसांत मागायची?

महाराष्ट्रात दोन वाटा आहेत.

पहिली, १९७१ चा महाराष्ट्र कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायदा. केंद्राच्या संहितेने तो रद्द केलेला नाही. कामगार न्यायालयात कलम २८ खाली ९० दिवसांत तक्रार करायची. उशिराला सबळ कारण असेल तर माफी मिळू शकते, पण त्या भरवशावर राहू नका. अनुसूची ४ मधली बाब १ साथीच्या प्रकरणांना नेमकी लागू पडते: सूडबुद्धीने काढणं, उघड खोटी कारणं, गैरहजेरीचा रचलेला आरोप, चौकशीत नैसर्गिक न्यायाची पायमल्ली, किरकोळ चुकीला धक्कादायक शिक्षा. तक्रारीत यातली कोणती उपबाब ते स्पष्ट लिहा.

या वाटेचा मोठा फायदा म्हणजे बडतर्फीचं पत्र येईपर्यंत थांबावं लागत नाही. आरोपपत्राच्या टप्प्यावरही तक्रार चालते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलं आहे. कलम ३०(२) खाली अंतरिम आदेश मागता येतो. नोकरी गेल्यावर परत मिळवण्यापेक्षा जाण्याआधी थोपवणं कितीतरी सोपं असतं, म्हणून नोटीस हातात पडताच वकील किंवा युनियन गाठा.

दुसरी वाट सलोखा अधिकाऱ्याकडे, म्हणजे कामगार आयुक्तांच्या कार्यालयात. जुन्या कायद्यात काढल्यापासून तीन वर्षं मिळत. नव्या संहितेत वाद उद्भवल्यापासून दोन वर्षं उलटली की सलोखा अधिकारी तो हाती घेऊ शकत नाही. तिथे मिटलं नाही तर अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत न्यायाधिकरणात अर्ज. एकाच बडतर्फीसाठी दोन्ही वाटा एकाच वेळी धरता येत नाहीत.

केस जिंकलो तर काय मिळतं?

बडतर्फी बेकायदा ठरली तर मागील वेतनासह पुन्हा कामावर घेणं हा सर्वसाधारण नियम आहे. महाराष्ट्रातल्याच एका शिक्षिकेच्या खटल्यात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ठामपणे मांडला. पण मधल्या काळात दुसरीकडे कमावत नव्हतो, हे तुम्ही प्रतिज्ञेवर सांगायला हवं. तक्रारीत हे वाक्य राहून गेलं तर वर्षांचं वेतन हातचं जातं. नोकरी शोधल्याचे अर्ज आणि नकाराचे ईमेलही ठेवा. न्यायालय शिक्षा कमीही करू शकतं, म्हणजे बडतर्फीऐवजी वेतनवाढ रोखणं किंवा अर्धंच मागील वेतन. साथीच्या नियमांच्या प्रकरणांत अशा मधल्या निकालाची तयारी ठेवलेली बरी.

काढलं म्हणून ग्रॅच्युइटी आणि पीएफ अडवता येतो का?

नाही. ग्रॅच्युइटी जप्त करायची कारणं कायद्यात मोजकी आहेत: मालमत्तेचं नुकसान, दंगा किंवा हिंसा, नैतिक अधःपतनाचा गुन्हा. लस किंवा चाचणी नाकारणं यात बसत नाही. हिशेब सोपा: शेवटचं मासिक मूळ वेतन आणि महागाई भत्ता भागिले २६, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं. २६,००० रुपये आणि ८ वर्षं असतील तर १,२०,००० रुपये. ही रक्कम ३० दिवसांत मिळायला हवी, नंतर व्याज लागतं. थकलेला पगार नव्या वेतन संहितेनुसार काढल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा आहे.

२०२१ मध्ये काढलं होतं. आता काही करता येईल?

नोकरी परत मिळवण्याची मुदत बहुतेकांची उलटली आहे. तीन वर्षं २०२४-२५ मध्येच संपली. तेव्हा सलोखा अधिकाऱ्याकडे दिलेला अर्ज अजून पडून असेल, तर आधी त्याचा आवक क्रमांक शोधा आणि प्रकरण कुठल्या टप्प्यावर आहे ते कार्यालयातून लेखी काढून घ्या. पीएफ अजूनही काढता येतो. ग्रॅच्युइटीसाठी उशिराचं कारण देऊन नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि रक्कम कायद्याने देय असल्याने मालकाला ती केवळ उशिरावर बोट ठेवून सहजी नाकारता येत नाही. नेमणूकपत्र, शेवटच्या तीन पगारपावत्या, पीएफचं पासबुक आणि काढल्याचं पत्र एवढं सोबत न्या.